तांबड्या लोकरीचे वेल

४ सप्टेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. टेलिफोनची वायर काढून तो कपाटात ठेवलास हे वाचून आधी मला राग आला, मग पटलं. दादा जाऊन महिना उलटला तरी माणसं फोन करून तेच विचारतात, आणि तू तरी किती जणांना सांगणार की सकाळी झारी भरायला नळापाशी गेले होते आणि तिथेच स्टुलावर बसल्या बसल्या गेले. माझा फोन आला तरी आपण बोलत कुठे होतो, नुसत्या रडत होतो. पत्रं बरी. पत्रात निदान वाक्य पुरं करावं लागतं.

पण त्या चार ओळींत तू लिहितेस की विणकाम बंद आहे, बागेत जाववत नाही, आणि बाकी सगळं ठीक. वहिनी, तुझ्या घरात विणकाम आणि बाग सोडून बाकी असं आहे तरी काय?

म्हणून मी एक बेत केलाय. आमची ठमी माहेरी आलीय, थंडीत बाळंत होणार. तिने मला विचारलं की बाळासाठी काही विणशील का, आणि मी हो म्हणून मोकळी झाले. तुला माहीत आहे, मला सुई हातात कशी धरायची तेही येत नाही. तेव्हा तू मला विणायला शिकव, मी तुला बाग शिकवते. इतक्या वर्षांत दादाने तुला वाफ्यात पाऊल टाकू दिलं नाही आणि तू त्याला लोकरीच्या टोपलीला हात लावू दिला नाहीस. दोघंही एका माळेचे मणी. मी आता तिसऱ्या मजल्यावर चार कुंड्यांत संसार करते, पण लहानपणी आईच्या हाताखाली दादाइतकीच माती मीही उकरली आहे.

पहिला धडा आजच घे. स्वयंपाकघराच्या खिडकीखालचा वाफा मोकळा असेल. तिथे मुळा आणि पालक पेर. एका कडेला लसणाच्या पाकळ्या टोच, टोक वर ठेवून. आता माझा पहिला धडा पाठव, आणि सोपा पाठव. मी दिवसभर औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, गिऱ्हाईक नसेल तेवढाच वेळ माझा.

लोभ आहे तसाच असावा, आणि सुयांना गंज चढू देऊ नये ही विनंती.

तुझी,
नणंद

१४ सप्टेंबर

प्रिय वन्संना,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमच्या हुकमाप्रमाणे मुळा आणि पालक पेरला. बी हातात घेतल्यावर कसं पेरायचं कळेना, म्हणून दोन बोटं सोडून एक ओळ, मग दोन बोटं सोडून दुसरी, असं टाके मोजल्यासारखं पेरलं. शेजारचे कंडक्टर भिंतीवरून बघत होते. ते म्हणाले की इतकी सरळ रांग त्यांना नोकरीभर बसमध्ये कधी लावता आली नाही. लसणाची टोकं वर ठेवली आहेत. पाणी मी स्वयंपाकघरातून तांब्याने आणून घालते.

तुमचा धडा वेगळ्या कागदावर चित्रं काढून पाठवते आहे. वीस टाके घाला आणि नुसते सुलट विणत चला. घट्ट ओढू नका. तुम्ही सगळंच घट्ट ओढता, हे मी लग्नात तुम्ही घातलेल्या माझ्या वेणीवरून सांगते.

ठमीच्या बाळासाठी एक टोपी सोबत पाठवते. नवी लोकर आणायला बाहेर पडायचं नव्हतं. त्याचं असं झालं, कुंपणाच्या जाळीवर ह्यांनी घेवडा चढवला आहे, फाटकापासून पार नळापर्यंत. आणि वन्सं, काय सांगू, प्रत्येक वेलाला माझ्या टोपलीतल्या लोकरीचा तुकडा बांधलेला. कुठे तांबडा, कुठे निळा, कुठे पांढरा. इतकी वर्षं लोकर कमी भरते म्हणून मी दुकानदाराशी भांडत आले आणि चोर माझ्या ताटात जेवत होता. वेल आता आपल्या जोरावर चढलेत, त्यांना आधाराची गरज नाही, आणि लोकर पावसात सडतेय हे मला काही बघवेना. ऑगस्टच्या अखेरीला एक दिवस मी फाटकापासून सुरुवात केली आणि नळापर्यंत एकेक तुकडा सोडत गेले. सोडला की आधीच्याला गाठ मारायची आणि हातातल्या गुंड्यावर गुंडाळायचा. तो गुंडा नुसताच पडला होता. तुमचं पत्र आल्यावर त्याचीच टोपी विणली. रंग जसे येतील तसे येऊ दिले. पावसाने धुतलेली लोकर आहे, बाळाला टोचणार नाही.

एवढं लिहून हात दुखला, पण बरं वाटलं.

लोभ असावा, वेणीचा राग नसावा.

तुमची,
वहिनी

२३ सप्टेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

टोपी मिळाली. ठमीने ती मुठीवर चढवून घरभर मिरवली. पण तुझ्या पत्रातली लोकरीची हकिकत मी तीनदा वाचली, का ते नीट वाच.

ती लोकर वेलांना आधार म्हणून बांधलेली नव्हती. आमची आई तांबडा धागा बांधायची, तो वेल बियाण्यासाठी राखलेला असायचा. त्याच्या शेंगेला कोणी हात लावायचा नाही. मी एकदा लावला होता आणि पाठीत धपाटा खाल्ला होता. दादाने आईची पद्धत पुढे चालवली, फक्त धागा तुझ्या टोपलीतून घेतला. आईचा घेवडा म्हणजे ठिपक्यांच्या बियांचा. ती माहेराहून पदराला बांधून घेऊन आली होती. दर वर्षी पेरायचा, दर वर्षी थोडा वाळवायचा, असं करत तो आपल्यापर्यंत आला. माझ्या वाट्याचं बी मी या फ्लॅटमध्ये आल्यावर घालवलं, कुंडीत ते जगलंच नाही. म्हणजे आता ते फक्त तुझ्या कुंपणावर आहे. कपाटात दादाचा गोल डबा असेल, त्यात जुनं बी शिल्लक आहे का आधी बघ.

नसेल तर सांभाळायला हवं. निळ्या-पांढऱ्या लोकरीचे वेल बहुधा दुकानातल्या बियांचे. पान तेच, फूल तेच, हिरव्या शेंगेवरूनही काही ओळखू येत नाही. शेंग वेलावरच वाळली की मगच बी ठिपके धरतं. आणि जाळीवर इतकी दाटी असली की शेंगा वाळत नाहीत, कुजतात. म्हणून दादा या दिवसांत बाकीचे वेल बुंध्याशी कापून टाकायचा आणि राखलेल्यांना ऊन-वारा मोकळा करून द्यायचा. यंदा ते काम तुला करायचं आहे.

आता कुठला वेल कुठला हे कसं कळणार म्हणून मी दुकानात डोकं धरून बसले होते. गिऱ्हाईकाने खोकल्याचं औषध मागितलं, त्याला मी मलम काढून दिलं. मग एकदम टोपी आठवली. वहिनी, तू तुकडे ओळीने जोडलेस, म्हणजे ती ओळ टोपीत तशीच आहे. घरी येऊन दिव्याखाली धरली. खालच्या काठापासून पहिले पट्टे सगळे तांबडे, मग निळे-पांढरे, शेवटी शेंड्यापर्यंत निळेच. तू फाटकापासून सुरुवात केलीस, तेव्हा फाटकाजवळचे पहिले चार-पाच वेल आईचे. ते तेवढे राख. नळाकडच्या बाकी सगळ्यांच्या शेंगा तोडून खा आणि वेल कापून टाक. तुला विळा चालवता येत नसेल तर कंडक्टरांना सांग.

माझा वीस टाक्यांचा तुकडा सोबत आहे. सुरुवातीला वीस होते, शेवटी सव्वीस झाले. सहा टाके कुठून आले ते तूच शोध.

लोभ असावा. आईच्या बियांवरही असावा.

तुझी,
नणंद

५ ऑक्टोबर

प्रिय वन्संना,
सप्रेम नमस्कार वि. वि.

डबा पाहिला. रिकामा आहे, तळाशी फक्त टरफलं. यंदा ह्यांनी सगळं कुंपण भरायचं मनावर घेतलं होतं, त्यात सगळं बी पेरून टाकलेलं दिसतं.

तुम्ही काळजी करू नका. सांगितलंत तसं सगळं केलं. फाटकाजवळचे वेल राखले. बाकीच्यांच्या शेंगा काढल्या, अगदी लुसलुशीत होत्या, दोन दिवस भाजी पुरली. कंडक्टर रविवारी विळा घेऊन आले आणि नळापर्यंतचे वेल कापून गेले. कुंपण आता मोकळं दिसतं. मी वेळेवर जेवते, झोपही बरी लागते.

मुळ्याची रोपं वर आली आहेत. तुम्ही विरळणी करा म्हणून लिहाल, पण एवढ्याशा रोपांतलं कुणाला उपटायचं आणि कुणाला ठेवायचं हे मला ठरवता येत नाही. सध्या सगळीच ठेवली आहेत.

तुमचे सहा टाके सापडले. ओळ संपून उलटताना तुम्ही लोकर सुईवरून मागे टाकता, त्याने एकाचे दोन होतात. लोकर खाली ठेवत जा. एरवी हात चांगला आहे, वेणीपेक्षा सैल आहे. पुढच्या धड्यासाठी रंगीत उरलेल्या तुकड्यांची पिशवी पाठवते. ह्यांच्याकडूनच शिकले म्हणा. एकाला एक गाठ मारत गुंडा करा आणि बाळाच्या पांघरुणाचा चौकोन विणा. कुठल्या रंगामागे कुठला हवा ते आधी ठरवून जोडा.

लोभ असावा. माझ्याविषयी काळजी नसावी.

तुमची,
वहिनी

१९ ऑक्टोबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी दुकानातूनच लिहिते आहे. मालकांना सांगितलं की डोकं दुखतंय, ते खोटंही नाही.

तुझी पिशवी आली. मी हौसेने रंग ठरवले. सुरुवात पिवळ्याने, मधे हिरवा, शेवट जांभळा. तसेच ओळीने जोडले आणि गुंडा केला. मग टाके घालायला घेतले तर सुईवर जांभळा आला. मी गुंडा फिरवून फिरवून बघितला. पिवळा पार आत, गुंड्याच्या पोटात. सगळ्यात शेवटी जोडलं तेच वर राहतं आणि तेच आधी विणलं जातं, हे तुला रोजचं आहे. मला काल कळलं.

वहिनी, टोपी उलटी आहे. काठ विणलास तेव्हा सुईवर नळाकडची लोकर होती. तांबडे वेल नळापाशी होते. मी तुला दुकानातल्या बियांचे वेल राखायला सांगितले आणि आईचे कापायला लावले.

तुला मी एका शब्दाने विचारलं असतं तर तू लगेच सांगितलं असतंस. पण बागेतलं म्हटलं की मला सगळं कळतं अशा थाटात मी हुकूम सोडला. तूही बिचारी बागेतलं मी सांगेन ते खरं धरून चाललीस. तुझा यात काडीचा दोष नाही, तेव्हा स्वतःला लावून घेऊ नकोस. दादाने एवढ्या वर्षांत जे जपलं ते मी एका पत्रात घालवलं. फोन लावून बघितला, तो नुसता वाजत राहतो, तुझ्या कपाटात त्याला कोण ऐकणार. काल ठमी ती टोपी घडी घालून बाळाच्या कपड्यांत ठेवत होती, मी तिकडे बघू शकले नाही.

एकच विचारते. कापलेले वेल कंडक्टरांनी कुठे टाकले? पाचोळ्याच्या ढिगात असतील तर एखादी शेंग राहून वाळली असेल का ते बघशील? एक बी मिळालं तरी पुरे. आणि नाही मिळालं तरी मला खरं लिही.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही. तरीही असावा.

तुझी,
नणंद

२६ ऑक्टोबर

प्रिय वन्संना,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आधी डोळे पुसा, मग पुढचं वाचा. वेल कापलेले नाहीत.

मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं. तुम्ही तिकडे माझ्या जेवणाची आणि झोपेची चिंता करत बसता, म्हणून वाटलं की सांगितलं ते सगळं केलं असं लिहावं, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. त्या लुसलुशीत शेंगा मी तुम्हाला कागदावरच खायला घातल्या. कंडक्टर विळा घेऊन आले होते हे खरं. मी त्यांना पायरीवर बसवून चहा दिला आणि सांगितलं की आज नको. पुढच्या रविवारीही आज नकोच सांगितलं. तिसऱ्या रविवारी ते विळा न आणताच चहाला आले.

कारण असं, की लोकर सोडत सोडत मी त्या दिवशी नळापर्यंत पोचले, आणि तिथे ह्यांचं स्टूल होतं, झारी होती, नळाला पाणी ठिबकत होतं. मी स्टुलावर बसले आणि कितीतरी वेळ उठता आलं नाही. त्यानंतर मी त्या बाजूला पाऊल ठेवलं नाही. म्हणून तर मुळ्याला तांब्याने पाणी घालत होते. बागेत नळ असून स्वयंपाकघरातून पाणी का आणतेस असं तुम्ही विचाराल म्हणून मी धास्तावले होते, पण तुम्ही विचारलं नाहीत. तिकडचे वेल कापायचे म्हणजे ती जागा कुणी तरी मोकळी करायची, तेही मला नको होतं. फाटकाजवळच्या शेंगा तुम्ही राखायला सांगितल्या होत्या आणि नळाकडच्या मला तोडवेनात, म्हणजे सगळं कुंपण जसंच्या तसं उभं होतं.

तुमचं पत्र मी फाटकाशीच उघडलं. टोपी उलटी आहे हे वाचलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. हजार गुंडे केले असतील मी या हातांनी. पण वन्सं, तुम्ही बागेतलं काही सांगितलं की मी खाली मान घालून हो म्हणते, विणकाम सुद्धा आठवत नाही. मग तशीच अनवाणी चालत गेले. कंडक्टर भिंतीपलीकडे झाडलेला पाचोळाच पुन्हा झाडत होते, बघत नसल्यासारखे.

स्टूल आडवं पडलं होतं. झारीत पानं भिजून काळी झाली होती. वेल पिवळे पडले होते आणि तुम्ही म्हणालात तशा बऱ्याच शेंगा दाटीत कुजल्या होत्या. मला वाटलं संपलं. पण नळाच्या कोपऱ्यात दुपारचं ऊन येतं. ह्यांनी राखायचे वेल तिथेच का लावले ते मला तेव्हा कळलं. अगदी वरच्या बाजूला, जाळीच्या तारेवर, शेंगा वाळून कडक झाल्या होत्या. हात लावला तर आत बी वाजलं. एक फोडली. वन्सं, ठिपके आहेत.

मी स्टूल उभं केलं, त्यावर बसले आणि पदरात शेंगा सोलल्या. रडले, पण ते वेगळं रडणं होतं. कंडक्टर शेवटी भिंतीवरून म्हणाले की साहेब असते तर म्हणाले असते, अजून चार दिवस वाळू द्यायच्या. म्हणून उरलेल्या तशाच ठेवल्या आहेत. पहिल्या दिवशी ओंजळभर निघालं. अर्धं ह्यांच्या डब्यात ठेवलं. अर्धं तुम्हाला पाठवते. एका घरात ठेवायचं नाही हे आपण दोघींनी आता शिकावं. कुंडीत जगत नाही म्हणता, तर दुकानाच्या मागच्या अंगणात जागा मागा. मालकांना सांगा की नाहीतर काउंटरवर विणकाम करीन.

आज झारी घासून नळाखाली भरली आणि मुळ्याला घातली. विरळणीही केली. उपटलेल्या रोपांची कोशिंबीर खाल्ली, हे मात्र खरं लिहिते. टेलिफोन कपाटातून काढून जागेवर ठेवला आहे, संध्याकाळी वायर लावीन. तरी पत्रं बंद करू नका. तुमच्या पांघरुणाचे चौकोन मला बघायचे आहेत, आणि ते जांभळ्यापासूनच सुरू होऊ द्या.

एक गोष्ट मनातून जात नाही. ह्यांनी मागितली असती तर मी अख्खा तांबडा गुंडा काढून दिला असता. ह्यांनी मागितला नाही, आणि लोकर कुठे जाते हे मीही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ह्यांनी मला त्या नळापाशी उभं करून एकेक वेल दाखवला असता. काल टोपलीतून तांबडा गुंडा काढून मी डब्याशेजारी ठेवला. पेरणीच्या वेळी तुम्ही इकडे यायचं आहे. वेल मी लावीन, पण लोकर तुम्ही बांधा, तुमचा हात घट्ट आहे.

लोभ असावा, आणि ठमीच्या बाळाला टोपी घालताना तांबडा काठ कपाळावर येऊ द्यावा. ती नळाकडची लोकर आहे.

तुमची,
वहिनी